बंदूक घेऊन बस्त्याला



२०२४ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. विधानसभेचे मतदान २० तारखेला झाले, २३ ला निकाल लागला, आणि आठवडाभराने आमच्या वस्तीवरचे आबा तालुक्याच्या ठाण्यात जमा केलेली आपली बंदूक आणायला निघाले. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात, हे ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांना सांगायला नको. आबांची बंदूक पीक राखणीची, एकनळी, बारा बोअरची. उडते वर्षातून दोनदा, तीही हवेत, पण खुंटीला नसली की आबांना घर मोकळे मोकळे वाटते.

त्यातच नातीचे लग्न ठरलेले. तुळशीचे लग्न होऊन गेले होते, मुहूर्त तोंडावर आलेला आणि बस्ता बांधायचा राहिलेला. जीप एका दिवसाच्या भाड्याने ठरवली. आबांनी हिशेब केला, ठाणे वाटेवरच आहे, बंदूक उचलायची आणि तसेच नाशिकला कापडाच्या दुकानात जायचे. एका भाड्यात दोन कामे. हिशेब शेतकऱ्याचा होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. खोट निघाली ती दुकानाच्या पायरीवर.

मीही बरोबर होतो. साड्यांचे रंग निवडायला नव्हे, गठ्ठे उचलायला. जीपमधून बायका उतरल्या, पोरे उतरली, आणि शेवटी आबा उतरले ते खांद्याला बंदूक अडकवून. गवसणी नाही, काही नाही, नळी उघडी. दारावरचा पहारेकरी दोन पावले मागे सरकला. आत गादीवर बसलेल्या दोन बाया पोरांना कवटाळून भिंतीकडे झाल्या.

"बाबा, हे आत नाही चालणार."

आबांनी बंडीतून परवान्याचे पुस्तक काढले. "सरकारचा शिक्का आहे. चोरीची नाही."

आवाज ऐकून मालक खाली आले. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "आबा, तुमच्या परवान्यावर माझा अविश्वास नाही. पण वर चाळीस बायामाणसं बसली आहेत. त्यांना तुमचा परवाना दिसत नाही, बंदूक दिसते."

"मग तुमच्या गल्ल्यापाशी ठेवा आणि चिठ्ठी द्या."

"ते तर मुळीच नको," मालक म्हणाले.

आबा लाल झाले. तीस वर्षांचे गिऱ्हाईक, तीन लेकींचे बस्ते याच दुकानात बांधलेले, आणि आता दारातून परत फिरवतात! तुमच्यापैकी पुष्कळांना आबांचेच खरे वाटेल. मलाही त्या घटकेला वाटले. पण नंतर घरी येऊन कायदा पाहिला तेव्हा ध्यानात आले की मालक दोन्ही वेळा बरोबर बोलले, आणि पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी जास्त बरोबर.

पहिली गोष्ट सोपी आहे. परवाना म्हणजे बंदूक बाळगायची सरकारने दिलेली मुभा. दुसऱ्याच्या दारात शिरायचा तो पास नव्हे. दुकान मालकाचे, तिथे काय आत यावे हे तो ठरवणार. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांत असे आहे की सार्वजनिक जागी लांब नळीची बंदूक न्यायची तर ती तिच्यासाठी केलेल्या खोळीत, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे. म्हणजे आबांची उघडी नळी दुकानाच्या पायरीवरच काय, रस्त्यावरही चुकीचीच होती. परवान्याच्या अटी मोडल्या तर परवाना रद्द करण्याचा अधिकार सरकारला आहे, आणि गेलेला परवाना परत मिळवायला किती खेटे घालावे लागतात ते विचारू नका.

दुसरी गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्या माणसाने बंदूक ताब्यात ठेवणे हाच गुन्हा. सवलत एवढीच की परवानाधारक समोर असताना, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल तर, दुसऱ्याने ती दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा धारकाच्याच वापरासाठी न्यावी. आबा वरच्या मजल्यावर शालू पाहणार आणि बंदूक खाली गल्ल्यापाशी राहणार, हे त्या सवलतीत कुठेच बसत नाही. छत्री ठेवून घेतात, चपला ठेवून घेतात, बंदूक ठेवून घेता येत नाही. ती ठेवायची तर पोलीस ठाण्यात, नाहीतर तसा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या भिडेखातर चिठ्ठी फाडून दिली असती तर दोघेही अडकले असते.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेत कित्येक राज्यांत कमरेला उघडे पिस्तूल लावून बाजारहाट करायला कायद्याची आडकाठी नाही. तिथे वॉलमार्ट म्हणून किराण्यापासून कपड्यांपर्यंत सगळे विकणारी दुकाने आहेत. (आपल्याकडे मोबाइलवरून माल मागवतात ते फ्लिपकार्ट २०१८ पासून त्यांच्याच ताब्यात आहे.) ३ ऑगस्ट २०१९ रोजी टेक्सास राज्यातल्या एल पासो गावी त्यांच्या दुकानात एकाने गोळीबार केला. त्यात २३ माणसे गेली. पाचच दिवसांनी मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी एक वीस वर्षांचा पोरगा अंगात चिलखत घालून, रायफल घेऊन त्यांच्याच दुसऱ्या दुकानात शिरला. त्याला कुणाला मारायचे नव्हते. आपला हक्क दुकान मानते की नाही, एवढेच बघायचे होते म्हणे! लोक जीव घेऊन बाहेर पळाले, आणि सुटीवर असलेल्या एका अग्निशमन जवानाने आपले पिस्तूल रोखून त्याला थोपवून धरले. त्या जवानाच्या हातून घाबरून चाप ओढला गेला असता तर? सप्टेंबरात कंपनीने गिऱ्हाइकांना जाहीर विनंती केली की कायदा परवानगी देत असला तरी उघडी बंदूक घेऊन आमच्या दुकानात येऊ नका. विनंतीच, हुकूम नव्हे. कॉफीची दुकाने चालवणाऱ्या स्टारबक्सने तशीच विनंती २०१३ साली केली होती.

आपल्या मालकांनी पायरीवर हात जोडून जे सांगितले तेच या मोठ्या कंपन्यांनी छापून सांगितले. हेतू चांगला की वाईट हे बंदुकीवर लिहिलेले नसते. आणि नाशिकलाही हे नवे नाही. १४ जून २०१९ ला उंटवाडी भागात सोन्यावर कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत दरोडेखोर पिस्तुले घेऊन शिरले आणि तिथला एक कर्मचारी गोळी लागून मरण पावला. त्या बातमीनंतर शहरातला दुकानदार खांद्यावरची नळी बघून धास्तावला तर त्याला भित्रा म्हणू नये.

आता तुम्ही म्हणाल, मग आमचे विळे-कोयतेही दारात ठेवायचे का? याचे उत्तर गमतीचे आहे. शस्त्र कायद्याच्या व्याख्येतच लिहिले आहे की केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी केलेल्या वस्तू म्हणजे शस्त्र नव्हे, आणि उदाहरण म्हणून साधी लाठी व हातातली काठी दिली आहे. म्हणजे तुमचे खुरपे, विळा, कोयता हे अवजार. पण पोलीस जमावबंदीसारखा हुकूम काढतात तेव्हा काठ्यांनासुद्धा मनाई होऊ शकते, आणि दुकानदाराला तर कधीही नाही म्हणता येते. मी स्वतः एकदा ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बागेतून तसाच उठून शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. दारातल्या यंत्राने टीटी केले. खिशात द्राक्षाची कात्री! पहारेकऱ्याने ती ठेवून घेतली, पितळी बिल्ला दिला. परत येताना बिल्ला दिला, कात्री घेतली. दहा माणसांत माझा चेहरा मात्र पडला. कात्रीला बिल्ला मिळतो, बंदुकीला मिळत नाही, हे तेव्हा कळले असते तर आबांना आदल्या दिवशीच सांगितले असते.

आता त्या दिवशी पुढे काय झाले ते सांगतो, कारण खरी चूक तिथेच झाली, आणि त्यात मीही होतो. आबा रागाने जीपकडे गेले, बंदूक मागच्या बाकाखाली सरकवली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बघ रे." आम्ही सगळे वर गेलो. पहिली साडी उलगडली असेल नसेल, सूनबाई एकदम उठल्या. "धाकटा कुठे आहे?" नऊ वर्षांचा नातू कंटाळून जीपमध्ये जाऊन बसला होता. ड्रायव्हर चहाला गेलेला. सूनबाई जिना उतरल्या त्या धावतच, मागे मी.

पोराने बंदूक मांडीवर घेतली होती. काडतुसे आबांच्या बंडीत होती, नळी रिकामी होती, काही झाले नाही. सूनबाईंनी पोराला मारले नाही की ओरडल्या नाहीत. आबांना खाली बोलावून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "मामंजी, आता तुम्ही इथंच बसायचं."

आबा चार तास जीपमध्ये बसले.

तेव्हा ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांना सांगतो. ठाण्याचे काम असेल त्या दिवशी बाजाराचे काम काढू नका, भाडे दुप्पट गेले तरी चालेल. गवसणी शिवून घ्या. काडतुसे वेगळी ठेवा. परवाना कोणत्या हद्दीत चालतो ते पुस्तकात वाचा. आणि बाप गेल्यावर सातबारावर वारस चढतात तसा परवाना मुलाच्या नावे आपोआप चढत नाही, त्याला अर्ज करावा लागतो, तोवर बंदूक जमा करावी लागते. डुकरावर गोळी झाडायला वनखात्याची परवानगी लागते, तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

लग्नात वरातीपुढे बार काढायची टूम निघालीच. वराकडच्या दोघातिघांनी आबांना गळ घातली. २०१९ साली कायदा दुरुस्त झाल्यापासून आनंदाच्या भरात बार काढून कुणाच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आबांना हे कलम ठाऊक नव्हते. पण बंदुकीच्या कपाटाची किल्ली तोवर सूनबाईंच्या कमरेला गेली होती, आणि मागायची कुणाची छाती झाली नाही.

एकच राहिले. बस्त्यात आबांचा फेटा त्यांच्या मागे निवडला गेला, गुलाबी. लग्नभर ते तो हाताने चाचपून बघत होते आणि भेटेल त्याला सांगत होते की हा मी घेतलेला नाही.