संप आधी कोणी पुकारला?

२५ ऑक्टोबर हा दिवस कॅलिफोर्निया राज्यात लॅरी इटलिऑन्ग यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. तसा कायदा झाला २०१५ साली. इटलिऑन्ग यांचे निधन झाले १९७७ साली. मधल्या अडतीस वर्षांत डेलानोच्या द्राक्षमळ्यांतील संपाचा इतिहास सांगितला गेला तो बहुतांशी सीझर चावेझ या एका नावाभोवती. चावेझ यांच्या संघटनेचा त्या लढ्यातील वाटा मोठा आहे; परंतु तो संप त्यांनी पुकारलेला नव्हता. ८ सप्टेंबर १९६५ रोजी मळ्यातून प्रथम बाहेर पडले ते फिलिपिनो मजूर, आणि त्यांचे नेते होते इटलिऑन्ग.

फिलिपाइन्समधील पांगासिनान प्रांतात १९१३ साली जन्मलेला हा मुलगा वकील होण्याचे स्वप्न घेऊन १९२९ साली अमेरिकेत आला. वाट्याला आली ती लेट्यूसची कापणी आणि अलास्कातील मासळीचे कारखाने. अपघातात तीन बोटे गेली, तेव्हापासून ‘सात बोटांचा लॅरी’ हेच नाव पडले. शाळा जेमतेम सहाव्या इयत्तेपर्यंतची. कायदा ते शिकले खरे, पण संपांच्या आणि वाटाघाटींच्या शाळेत.

त्यांच्या पिढीतील फिलिपिनो मजूर बहुतेक अविवाहित राहिले. गोऱ्या स्त्रीशी विवाह करण्यास कॅलिफोर्नियात १९४८ पर्यंत कायद्याने मज्जाव होता, आणि मायदेशाहून आलेल्या स्त्रिया अगदी थोड्या. पीक जाईल तिकडे जायचे, मळेवाल्याच्या छावणीत झोपायचे, असे आयुष्य काढून ही माणसे तिथेच म्हातारी झाली. त्यांना आदराने ‘मानोंग’ म्हणत. इलोकानो भाषेत त्याचा अर्थ थोरला भाऊ. संघटना करण्याच्या हक्काला १९३५ साली केंद्रीय कायद्याने जे संरक्षण दिले, त्यातून शेतमजूर वगळलेले होते. मजुरांची भरती मुकादमाच्या हाती. ऊसतोडणीच्या फडावर काम केलेल्या कार्यकर्त्यास या व्यवस्थेचे वेगळे वर्णन नको.

१९६५ च्या मे महिन्यात कोचेला खोऱ्यात इटलिऑन्ग यांच्या नेतृत्वाखाली संप झाला आणि तासाला १.४० डॉलर हा दर पदरात पडला. हंगाम उत्तरेस डेलानोकडे सरकला, तेव्हा तिथल्या मळेवाल्यांनी तो दर नाकारला. फिलिपिनो सभागृहात मतदान होऊन दुसऱ्या दिवशी काम बंद पडले. मळेवाल्यांनी छावण्यांतील पाणी व गॅस तोडले, वृद्ध मजुरांना बाहेर काढले.

मळेवाल्यांची खरी भिस्त मात्र जुन्याच हत्यारावर होती. फिलिपिनो संपावर गेले की मेक्सिकन मजूर आणायचे, मेक्सिकन गेले की फिलिपिनो. छावण्यादेखील वंशवार वेगळ्या ठेवलेल्या. हे हत्यार बोथट केल्यावाचून संप टिकणार नाही, हे पस्तीस वर्षांच्या अनुभवाने इटलिऑन्ग जाणून होते. म्हणून ते चावेझ यांच्याकडे गेले. चावेझ यांची संघटना तरुण होती, संपास अजून अवकाश आहे असे त्यांचे मत होते. परंतु १६ सप्टेंबरला मेक्सिकन मजुरांनी संपात उतरण्याचा निर्णय केला. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या. चावेझ संचालक झाले, इटलिऑन्ग त्यांचे साहाय्यक. संप ज्यांनी सुरू केला ते संख्येने थोडे होते, आणि एकीची किंमत दुय्यम स्थान पत्करून त्यांनी मोजली. पाच वर्षांचा संप आणि देशभर चाललेला द्राक्षांवरील बहिष्कार यांनंतर जुलै १९७० मध्ये डेलानोचे मळेवाले करारावर सही करण्यास आले.

विजयानंतर सव्वा वर्षातच, ऑक्टोबर १९७१ मध्ये, इटलिऑन्ग यांनी राजीनामा दिला. गौरवाच्या भाषणांत हा भाग सहसा घाईने उरकला जातो. निर्णय मूठभरांच्या हाती एकवटत आहेत, सामान्य सभासदाचे आणि विशेषतः वृद्ध फिलिपिनो मजुरांचे म्हणणे ऐकले जात नाही, अशी त्यांची तक्रार होती. नव्या करारांनी कामवाटप मुकादमाकडून काढून संघटनेच्या कचेरीकडे दिले. तत्त्वतः ही मोठीच सुधारणा. पण वर्षानुवर्षे एकत्र काम करणाऱ्या मानोंगांच्या टोळ्या तिने विस्कटल्या. फुटीर ठरण्याचा धोका पत्करून त्यांनी हे बोलून दाखवले, मात्र मळेवाल्यांच्या कळपात ते गेले नाहीत.

पुढे वृद्ध मजुरांच्या निवाऱ्याच्या प्रश्नावर ते काम करीत राहिले. संपाच्या पहाऱ्यावर मृत्यू आलेल्या पाउलो अग्बायानी यांच्या नावाची वसाहत डेलानोत १९७४ साली उभी राहिली आणि आयुष्यभर छावण्यांत राहिलेल्या म्हाताऱ्यांना स्वतंत्र खोल्या मिळाल्या. इटलिऑन्ग ८ फेब्रुवारी १९७७ रोजी डेलानोतच वारले, वय त्रेसष्ट.