मुख्याध्यापक कुठे गेले?

बेशिस्त वर्ग आणि त्याचे मन जिंकणारा ध्येयवादी शिक्षक हे कथासूत्र इतके रूढ झाले आहे की, त्याचा शेवट प्रेक्षकाला आरंभीच ठाऊक असतो. सिडनी पॉइटिए यांच्या 'टू सर, विथ लव्ह' (१९६७) या चित्रपटाने ते जगभर पोचवले. विनोद खन्ना यांचा 'इम्तिहान' (१९७४) हा त्याचा हिंदी अवतार. हा पेशा पत्करण्यापूर्वी आमच्यापैकी अनेकांनी तो दूरदर्शनवर पाहिला आणि 'शिक्षक असावा तर असा' हे मनाशी धरले. पुढे मूळ पुस्तक वाचले, तेव्हा मात्र आम्ही थबकलो.

ई. आर. ब्रेथवेट यांची ही आत्मकथनपर कादंबरी १९५९ सालची. गयानात जन्मलेल्या, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात सेवा केलेल्या या उच्चशिक्षित माणसाला केवळ वर्णामुळे अभियंत्याची नोकरी नाकारली गेली आणि नाइलाजाने तो लंडनच्या ईस्ट एंडमधील शाळेत रुजू झाला. आरंभी तो ध्येयवादी नाही. तो दुखावलेला, चिडलेला, काहीसा अहंमन्यही आहे. शिक्षकपण त्याच्यात हळूहळू उगवते.

ते उगवले त्या मातीकडे आमच्या समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कादंबरीतील मुख्याध्यापक फ्लोरियन यांच्यामागे अ‍ॅलेक्स ब्लूम ही खरी व्यक्ती आहे. १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या स्टेपनी भागात त्यांनी शाळा उभी केली. छडी नाही, स्पर्धा नाही, बक्षिसे नाहीत. मुलांची स्वतःची परिषद होती. आठवड्याच्या शेवटी मुले शाळेविषयी, तासांविषयी, शिक्षकांविषयीसुद्धा मोकळेपणाने लिहीत. ज्या मुलांना आपल्या मताला किंमत आहे याचा अनुभव शाळा रोज देत होती, त्यांच्यातील मुलींना हा नवा शिक्षक 'मिस' म्हणून आदराने संबोधतो. तो आदर त्यांना अखेर खरा वाटला, यामागे शाळेचाही वाटा होता.

शाळा चांगली म्हणजे प्रत्येक शिक्षक चांगला, असे अर्थातच नाही. त्याच शिक्षककक्षात मुलांची कुत्सित टवाळी करणारा वेस्टनही आहे. व्यक्तीचे मोल आम्ही नाकारत नाही. पण चित्रपटाने फ्लोरियनना पार्श्वभूमीत ढकलले आणि सामूहिक प्रयोगाची कथा एका नायकाची केली, हा आमचा आक्षेप आहे.

हा आक्षेप केवळ वाङ्मयीन नाही. आज आमचे कितीतरी तरुण सहकारी तासिका तत्त्वावर शिकवतात. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या गावी; मानधन महिनोन्महिने थकलेले आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची शाश्वती नाही. समोर शंभराहून अधिक मुलांचा वर्ग. तो वर्ग उठून जाऊ लागला की, दोष त्या एकट्याच्या 'तळमळीच्या अभावा'चा ठरतो आणि शिक्षकदिनी त्याच्याच हाती गुलाबाचे फूल दिले जाते. एकट्या नायकाची कथा व्यवस्थेला फार सोयीची असते. ध्येयवादाची मागणी केली की जबाबदारी संपते.

म्हणून ही कथा वर्गात शिकवताना 'सरांनी मुलांना कसे जिंकले?' या प्रश्नावर आपण थांबू नये. मुख्याध्यापक कुठे गेले, हेही विद्यार्थ्यांना विचारू द्यावे. त्यांच्यातलेच काही जण उद्या तासिकेवर उभे राहणार आहेत.