चेहऱ्यात दोरा ओवण्यापूर्वी

मागच्या महिन्यात शाळेतल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेच्या निवृत्तीचा समारंभ झाला. त्याचे फोटो मोबाईलवर आले आणि आम्ही आमचाच फोटो बोटांनी मोठा करून पाहत बसलो. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेल्या दोन रेषा, जबड्याकडे ओघळलेले गाल, हनुवटीखाली सैल झालेली कातडी. त्याच आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीने विचारले होते, "टीचर, आप गुस्सा हैं क्या?" आम्ही अजिबात रागावलो नव्हतो. नुसते फळ्याजवळ उभे होतो. आता चेहराच आपल्या वतीने काहीबाही बोलू लागला, असे वाटले.

हे लिहिताना संकोच होतो. 'सूरत नव्हे, सीरत पाहावी' असे वर्गात वीस वर्षे सांगणाऱ्यांनी स्वतःच्या गालांची चिंता करावी? पण भगिनींनो, खोटे कशाला बोला? चिंता झाली. आणि ती झाली तेव्हा आजूबाजूला विचारल्यावर कळले की पंचेचाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणी आरशासमोर दोन बोटांनी गाल वर ओढून पाहतात. फक्त बोलत कोणी नाही.

आमची नणंद पुण्यात असते. तिने फोनवर सांगितले, "भाभी, सुट्टीत या. हल्ली चेहऱ्यात धागे घालून कातडी वर ओढतात. चिरफाड नाही, तासाभराचं काम." त्याला थ्रेड लिफ्ट म्हणतात. वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता नुकताच खात्यात पडला होता. तो लेकीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवायचा, असे घरात ठरले होते. तरी आम्ही सोलापूरहून सकाळची गाडी धरली.

दवाखान्यात आधी डॉक्टर भेटल्याच नाहीत. एक तरुण मुलगी भेटली, हातात दरपत्रक घेऊन. दोन्ही गाल आणि जबडा मिळून सत्तर हजार, आजच नोंदणी केली तर दहा टक्के सूट. "मॅडम, दहा वर्षांनी तरुण दिसाल." आम्ही डॉक्टरांना भेटल्याशिवाय एक रुपया देणार नाही म्हटल्यावर आत पाठवले. डॉक्टर बाई मात्र सरळ होत्या. त्यांनी समजावले ते असे.

हे धागे बहुधा पॉलिडायॉक्सॅनोन या पदार्थाचे असतात. थोडक्यात पीडीओ. शस्त्रक्रियेत आतले टाके घालायला हाच दोरा कित्येक वर्षे वापरात आहे. चेहऱ्यासाठीच्या धाग्याला बारीक काटे ठेवलेले असतात. शेतातून आल्यावर गोखरू साडीच्या काठाला धरून बसते ना, तसे हे काटे कातडीखालच्या थराला धरतात. जागा बधिर करून कानशिलाजवळून बारीक नळीने धागा आत सरकवतात आणि ओढून घेतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मार्लेन सुलामानिद्झे या शल्यविशारदांनी काटेरी धाग्यांची ही पद्धत पुढे आणली. त्या वेळचे धागे पॉलिप्रॉपिलीनचे होते, ते न विरघळता आतच राहत. आताचा पीडीओ धागा साधारण सहा ते आठ महिन्यांत विरघळतो. त्याभोवती शरीर थोडे नवे कोलेजन तयार करते, म्हणून परिणाम धाग्यापेक्षा काही काळ जास्त टिकतो. तरी साधारण वर्षभर, फार तर दीड वर्ष. पुढे पुन्हा खर्च.

"आणि या रेषा?" आम्ही विचारले. त्यांनी आमच्या हातात आरसा दिला आणि दोन बोटांनी गाल किंचित, अगदी किंचित वर सरकवला. म्हणाल्या, "फरक पडला तर एवढाच पडेल. डोळ्यांभोवतीच्या बारीक सुरकुत्या धाग्याने जात नाहीत. कातडी फार लोंबली असेल तर धागा ती पेलत नाही. थोडी सैल झालेल्यांनाच याचा उपयोग."

मग त्यांनी दुसरी बाजू सांगितली. सूज, काळेनिळे डाग आणि दुखणे हे बहुतेकांना काही दिवस असते. कधी कातडीला खळगा पडतो, एक गाल वर आणि एक खाली असे होते, धागा बोटाला लागतो किंवा टोक बाहेर येते. जंतुसंसर्ग झाला तर धागा काढावा लागतो. क्वचित नसेला किंवा लाळग्रंथीलाही इजा होते. पुढचे दोन-तीन आठवडे तोंड मोठे उघडायचे नाही, दातांचे काम करायचे नाही, चेहरा चोळायचा नाही, उशीत तोंड खुपसून झोपायचे नाही, खाली वाकायचे टाळायचे. आम्ही विचारले, "मग वुजू आणि सजदा?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. सुरुवातीचे दिवस तोंड चोळून धुणं आणि डोकं खाली नेणं टाळावंच लागेल." आमच्या भगिनींनी हा प्रश्न आधीच विचारावा, म्हणून मुद्दाम लिहिले.

शेवटी रक्ताची तपासणी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी अहवाल आला आणि गालांचा विषय मागे पडला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.४ होता. ६.५ च्या पुढे मधुमेह धरतात. दोन वर्षे आम्ही तपासणीच केली नव्हती. थकवा वयाचा, तहान उन्हाची, असे म्हणत होतो. डॉक्टर म्हणाल्या, "आधी साखर ताब्यात आणा. या आकड्यावर मी चेहऱ्यात सुई घालणार नाही. जखम चिघळू शकते." आणि हेही सांगितले की वाढलेली साखर कोलेजनला चिकटून त्याला कडक करते, त्यामुळे कातडी लवकर वयस्क दिसते. म्हणजे ज्या गालांची तक्रार घेऊन गेलो, त्यांची एक बाजू चहातल्या साखरेपाशीही निघाली.

परतीच्या गाडीत मन खट्टू होते. घरी लेकीने सगळे ऐकून घेतले. लेकीच्या अब्बांनी एवढेच विचारले, "गोळी सुरू केली का?" लेक मात्र रात्री उशिरा जवळ येऊन बसली. म्हणाली, "अम्मी, तुम्ही केलं असतं तर मी पण नाकाचं केलं असतं. मला माझं नाक आवडत नाही." सतरा वर्षांची पोर. तिच्या नाकात काही वावगे नाही. ते आमच्या अम्मीचे नाक आहे. पण हे तिला कधी सांगितलेच नव्हते. त्या रात्री सांगितले. तिला पटले की नाही, ठाऊक नाही. ती हसली आणि झोपायला गेली.

दीनच्या बाजूनेही आम्ही विचारले. आमच्या ओळखीच्या एका आलिम साहेबांनी हजरत अर्फजा (रजि.) यांची हकीकत सांगितली. लढाईत त्यांचे नाक कापले गेले. चांदीचे बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित (स.) यांनी सोन्याचे बसवायला सांगितले. सोने एरवी पुरुषांना मना, तरी इथे परवानगी मिळाली. म्हणजे व्यंग, जखम, भाजणे यांवरचा इलाज वेगळा आणि वयाने आलेली खूण नुसत्या हौसेसाठी पुसणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला बहुतेक उलमा पसंत करत नाहीत. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना स्वतःची नेमकी स्थिती सांगून विचारावे. आणि ज्या भगिनीने हे करून घेतले असेल, तिच्याकडे बोट दाखवू नये. कोणाच्या मनावर काय ओझे असते, ते बाहेरून दिसत नाही.

ज्या विचार करत असतील त्यांच्यासाठी आम्ही शिकलो ते थोडक्यात. हे काम त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांचे आहे, ब्युटी पार्लरचे नाही. डॉक्टरांचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. धागा कोणता, किती, बिघडले तर कोण निस्तरणार आणि त्याचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, जखमेचा व्रण फुगण्याची सवय, गरोदरपण यांपैकी काही असेल तर लपवू नका. आणि 'आजच' म्हणणाऱ्याकडे उद्या जा.

बिनखर्चाचे नव्हे, पण कमी खर्चाचे एक काम आम्ही सुरू केले आहे. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षे चाललेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीचे वय वाढलेले दिसले नाही. आमच्या सोलापूरच्या उन्हात दुपट्टा डोके झाकतो, गाल उघडेच राहतात. फजरनंतर, शाळेला निघण्याआधी एसपीएफ ३० चे मलम लावायचे. जुहरच्या वुजूने ते धुतले जाते, म्हणून नमाजनंतर पुन्हा लावायचे. ट्यूब पर्समध्ये ठेवली आहे, डस्टरच्या शेजारी.

फरकाचा हप्ता पुन्हा लेकीच्या नावावर टाकला. त्यातून साखर मोजायचे यंत्र तेवढे घेतले. धागा कधीच घालणार नाही, अशी कसम आम्ही खाल्लेली नाही. आरशासमोर दोन बोटे अजून गालाकडे जातात. काल मात्र वर्गात शिरताना आधी मुलींकडे पाहून हसलो. त्या पाचवीतल्या मुलीने काही विचारले नाही. तिने वही पुढे केली.