मालदीवला जाताय? आधी बेट निवडा



आता आपल्या घरांतही सुट्टीत परदेशी जाण्याची बोलणी होऊ लागली आहेत. उमऱ्याला जाऊन आलेल्या कुटुंबांना पासपोर्ट आणि विमान यांचं नवल राहिलेलं नाही. अशा वेळी ट्रॅव्हल एजंट हमखास मालदीवचं नाव काढतो. "मुस्लिम देश आहे, तिथं सगळं हलालच असतं," असंही सांगतो. त्याचं बोलणं अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं ठाऊक नसेल, तर वर्षभर साठवलेले पैसे खर्चून अम्मी-अब्बांना घेऊन आपण नेमकं दारूच्या बारशेजारी जाऊन बसू.

मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटं आहेत. लोकवस्ती मात्र त्यांतल्या दोनशेच्या आतच बेटांवर आहे. जाहिरातीत दिसतात ती पाण्यावरची लाकडी घरं बहुधा रिसॉर्टच्या बेटांवरची असतात. एक बेट, एक रिसॉर्ट. तिथं गावच नसतं. पर्यटकांना दारू आणि डुकराचं मांस देण्याची परवानगी अशा ठिकाणी मिळते, आणि पोशाखालाही बंधन नसतं. लोकवस्तीच्या बेटांवरचं चित्र वेगळं आहे. तिथं मशीद, शाळा, किराणा दुकानं, मासेमारीच्या होड्या असं साधं गाव असतं. दारू आणि डुकराचं मांस दोन्हींना बंदी. नमाजच्या वेळी दुकानं थोडा वेळ बंद होतात. साधारण २०१० पासून या गावांतही पर्यटकांसाठी गेस्ट हाउस निघाली आणि मध्यमवर्गीयांना मालदीव आवाक्यात आलं. म्हणून हॉटेल शोधण्याआधी बेट कोणतं, ते ठरवा. एजंटकडून 'लोकवस्तीचं बेट' असं लेखी घ्या.

माफुशी हे यांतलं सर्वांत गजबजलेलं बेट. हॉटेलं भरपूर आहेत आणि दर त्यामानाने कमी. पण तिथं परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा 'बिकिनी बीच' आहे आणि जवळच्या समुद्रात नांगरलेल्या बोटींवर दारूही मिळते. तिथं राहायचं असेल, तर त्या किनाऱ्यापासून लांबची खोली मागा. शांतता हवी असेल, तर गुल्हीसारखं छोटं बेट बघा.

आता भगिनींसाठी खास. आपल्याकडे किनाऱ्यावर गेल्यावर अम्मी किंवा खाला सगळ्यांच्या चपला आणि पर्सा सांभाळत वाळूत बसते. बाकीचे पाण्यात जातात. लोकांच्या नजरा आणि अंगाला चिकटणारे ओले कपडे यांमुळे तिला पाण्यात उतरणं नकोसं होतं. मालदीवच्या गावांत बायका अंगभर कपड्यांतच समुद्रात उतरतात, त्यामुळे तशा कपड्यांकडे कुणी वळून बघत नाही. फक्त सुती सलवार-कुर्ता किंवा बुरखा घालून खोल पाण्यात जाऊ नका. भिजल्यावर तो जड होतो आणि पायांत अडकतो. पोहण्याच्या कापडाचा अंगभर पोशाख घ्या. प्रवाळ बघायला बोटीने जाणार असाल, तर फक्त आपल्या कुटुंबापुरती बोट मिळेल का ते विचारा. लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचंच, पोहता येत असलं तरी. पायांत रबरी बूट हवेत, कारण प्रवाळाने तळवा कापतो. प्रवाळाला हात लावू नका.

जाण्यासाठी भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. पर्यटकाचा परवाना विमानतळावर विनाशुल्क मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ ठेवा. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असलेली बरी. प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत 'इमुगा' हा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. सरकारी साइटवर तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा.

विमान शक्यतो सकाळी पोहोचणारं घ्या. विमानतळाचं स्वतंत्र बेट आहे, तिथून पुढचा प्रवास बोटीने. संध्याकाळनंतर बोटी कमी होतात. सरकारी फेरी स्वस्त आहे, पण वेळ जास्त घेते आणि शुक्रवारी सहसा बंद असते. स्पीड बोट माफुशीला साधारण अर्ध्या-पाऊण तासात पोहोचवते. रात्री पोहोचणार असाल, तर विमानतळाला रस्त्याने जोडलेल्या हुलहुमालेत मुक्काम करा. बोट लागत असेल, तर मागच्या बाजूला बसा. तिथं हिसके कमी बसतात. गोळी घ्यायची ती डॉक्टरांना विचारूनच. रोजची औषधं चिठ्ठीसह न्या.

खर्चाचा हिशेब करताना कर विसरू नका. ५० पेक्षा कमी खोल्यांच्या गेस्ट हाउसमध्ये माणशी दर रात्री ६ डॉलर 'ग्रीन टॅक्स' आहे, रिसॉर्टमध्ये १२. पाच जण चार रात्री राहिले, तर गेस्ट हाउसमध्ये एवढेच १२० डॉलर होतात. पर्यटनाचा जीएसटी १७ टक्के आहे, तो वेगळा. "सांगितलेल्या रकमेत सगळे कर आणि बोटीचं भाडं धरलं आहे का?" हा प्रश्न बुकिंगआधीच विचारा. कर्ज काढून मात्र जाऊ नका.

जेवणाची चिंता नको. टुना, म्हणजे आपला कुपा, हे तिथलं मुख्य अन्न. सकाळी टुना, किसलेलं खोबरं, कांदा आणि मिरची कालवून केलेलं 'मस हुनी' रोशी नावाच्या चपातीबरोबर खातात. कोकणातल्या माणसाला ते परकं वाटणार नाही.

नमाजसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुंबईत किब्ला जवळजवळ पश्चिमेला, थोडासा उत्तरेकडे आहे. मालेत तो पश्चिमेपासून सुमारे ३० अंश उत्तरेकडे वळतो. खोलीत सवयीने सरळ पश्चिमेला उभे राहू नका, खूण बघा. कसरचं म्हणाल, तर हनफी मसलकात एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाची नियत असेल तर कसर आहे. शाफई मसलकात येण्याजाण्याचे दिवस सोडून पूर्ण चार दिवस राहायचं ठरलं, तर नमाज पुरी पढायची. एकाच कुटुंबात कोकणी शाफई आणि देशावरचे हनफी असतील, तर निघण्याआधीच आपल्या आलिमांना विचारून घ्या.

परतताना मालेत अर्धा दिवस काढा. १६५८ मधली हुकुरु मिस्की ही जुनी जुम्मा मशीद प्रवाळाच्या दगडांत बांधलेली आहे, आणि त्या दगडांवरचं कोरीवकाम मुलांना जरूर दाखवा. या देशाने ११५३ मध्ये इस्लाम स्वीकारला. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथं काझी होता. दिवेही भाषेची 'थाना' लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे चालते. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी अंकांवरून घेतलेली आहेत. उर्दू शिकणाऱ्या मुलांना दुकानांच्या पाट्यांवर ते अंक शोधायला सांगा.

हवामान डिसेंबर ते एप्रिल कोरडं असतं, पण दर चढे असतात. मे महिन्याच्या सुट्टीत तिथं पावसाळा सुरू होतो, समुद्र खवळतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील, तर मे टाळा आणि शाळेच्या हिवाळी सुट्टीत बेत करा. शंख-शिंपले, प्रवाळ किंवा कासवाच्या पाठीच्या वस्तू मात्र आणू नका, विमानतळावर अडचण होईल. आणि पाण्यात उतरायची वेळ आली, की चपला-पर्सा सांभाळायची पाळी या वेळी अब्बांना द्या.

अल्लाह आपला सफर आसान करो. आमीन.