अलंकार कोठे थांबावा?

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी ३० ते ३४ क्रमांकांची लेणी जैन परंपरेची असून ती साधारणतः नवव्या-दहाव्या शतकांतील आहेत. त्यांतील ३२ क्रमांकाच्या ‘इंद्रसभा’ लेण्यात शिरणाऱ्याची दृष्टी प्रथम कोरीव स्तंभांवर, सिंहारूढ अंबिकेवर आणि तिच्या मस्तकावरील आम्रवृक्षावर खिळते. पुढे गर्भगृहात मात्र छिन्नी जणू मौन धारण करते. तीर्थंकरांच्या देहावर एकही अलंकार नाही. ज्या हातांनी स्तंभ नटविले त्यांना मूर्तीही नटविता आली असती. परंतु वीतराग मुद्रेला शोभा कशाने येते, हे त्यांना ठाऊक होते.

धर्माने कलेला किती मोकळीक द्यावी, हा प्रश्न युरोपातील प्रबोधनकाळालाही पडला होता. इटलीतील फ्लॉरेन्स येथे मेदिची घराण्याची पेढी १३९७ मध्ये स्थापन झाली. व्याज घेणे हे चर्चच्या दृष्टीने पाप होते. या घराण्यातील कोसिमो याने सान मार्को मठाच्या पुनर्बांधणीचा खर्च उचलला. त्यात भक्ती किती आणि पापभय किती, याची खतावणी कोणालाही मांडता येणार नाही. १४४० च्या सुमारास फ्रा अँजेलिको या साधू-चित्रकाराने आपल्या साहाय्यकांसह मठातील खोल्यांच्या भिंतींवर चित्रे रंगविली. ती साधी व शांत आहेत, कारण ती जनसमुदायासाठी नसून खोलीत एकट्याने चिंतन करणाऱ्या साधूसाठी होती.

पुढे याच मठाचा प्रमुख साव्होनारोला याच्या प्रेरणेने १४९७ मध्ये नगराच्या मुख्य चौकात आरसे, आभूषणे, वाद्ये आणि चित्रे यांची होळी पेटली. पुढील वर्षी त्याच चौकात त्याला फाशी देऊन त्याचा देह जाळण्यात आला. ज्या मठाने कलेला आश्रय दिला, त्याच मठातून तिच्यावर आग आली.

वेरूळच्या कारागिरांनी अलंकार त्यागला नाही, त्याची जागा ठरविली. दात्याच्या नावालाही तेथे जागा मिळाली. डोंगरावरील भव्य पार्श्वनाथ मूर्तीच्या शके ११५६ मधील लेखात चक्रेश्वर या दात्याचे नाव आहे. घडविणाऱ्या शिल्पकाराचे नाव मात्र आज कोणास ठाऊक नाही.

किन्हवलीसारख्या लहान गावातील संघात दानाचा प्रत्येक रुपया घामाचा असतो. म्हणूनच जीर्णोद्धाराचा विचार निघतो तेव्हा विश्वस्तांनी अंदाजपत्रकाआधी दोन प्रश्न विचारावेत. जुने दगडी वा लाकडी काम खरोखरच निकामी झाले आहे काय? आणि नवा संगमरवर, नवे दिवे व नावांच्या पाट्या बसविल्यावर दर्शनास आलेल्याची दृष्टी प्रथम कोठे जाईल? ती पाट्यांवरच अडखळणार असेल, तर खर्च चोख होऊनही हिशेब चुकलेला असेल.