गोदामे भरलेली, बालके उपाशी

२००१ च्या एप्रिलमध्ये राजस्थानातील पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. राज्य तेव्हा दुष्काळाने होरपळत होते, खेड्यापाड्यांत चुली विझल्या होत्या, आणि जयपूरलगत भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामाबाहेर धान्य उघड्यावर कुजत होते. त्या वर्षी देशाच्या सरकारी कोठारांत सुमारे सहा कोटी टन धान्य पडून होते. दुष्काळातील उपासमार हा निसर्गाचा कोप आहे, ही सत्ताधारी वर्गाची सबब या एकाच वस्तुस्थितीने खोटी ठरते.

न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्रत्येक वस्तीत अंगणवाडी आणि प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. तथापि २००२ मध्ये बारां जिल्ह्यातील सहरिया आदिवासींमध्ये भूकबळी पडले. आदेश कागदावर राहिला की त्याची किंमत सर्वप्रथम लहान बालके मोजतात.

अशा बालकांना वाचविण्याचे शास्त्र आज अज्ञात राहिलेले नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरहून कमी भरला, अथवा त्याच्या दोन्ही पायांवर सूज आली, तर ते मृत्यूच्या छायेत आहे असे समजावे. त्याला एकदम पोटभर अन्न देणे घातक ठरते. प्रथम शरीराची ऊब व रक्तातील साखर सांभाळावी लागते, जंतुसंसर्गावर औषध द्यावे लागते, आणि दर दोन-तीन तासांनी दूध, साखर व तेल यांचे सौम्य मिश्रण थोडे थोडे पाजावे लागते. भूक परतल्यावरच आहार वाढवायचा असतो. ज्या मुलाची भूक शाबूत आहे व ज्याला अन्य गंभीर आजार नाही, त्याच्यावर गावातच उपचार होऊ शकतात, हे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००७ मध्येच जाहीर केले आहे.

अडते ते व्यवस्थेपाशी. मुलाचा दंड मोजते ती अंगणवाडी सेविका. तिला शासन वेतनाऐवजी मानधनावर राबविते. ग्रॅच्युइटीसारख्या साध्या हक्कासाठीही सेविकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले, तेव्हा कोठे २०२२ मध्ये तो मान्य झाला. मुलाला घेऊन उपचार केंद्रात राहणाऱ्या मजूर मातेचा रोज बुडतो. घरच्या भावंडांना कोण जेवू घालणार, या चिंतेने तिला उपचार अर्धवट सोडून परतावे लागते. आणि पूर्ण बरे झालेले मूलही शेवटी त्याच रिकाम्या कणगीच्या घरात येते.

हा प्रश्न केवळ राजस्थानचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पाच वर्षांखालील ७.७ टक्के बालके उंचीच्या मानाने अतिशय कमी वजनाची आढळली. उद्योगधंद्यांत अग्रेसर म्हणविणाऱ्या महाराष्ट्रात हेच प्रमाण १०.९ टक्के होते.

म्हणून सर्वांना रेशन, मागेल त्याला काम, आजारी बालकाच्या मातेस बुडालेल्या मजुरीची पूर्ण भरपाई आणि अंगणवाडी सेविकांना कामगाराचा दर्जा, या सर्व एकाच लढ्याच्या मागण्या आहेत. किसान, शेतमजूर, महिला व कामगार आघाड्यांवरील साथींनी आपापल्या भागातील अंगणवाडीत जावे. वजनाचा काटा चालतो काय, दंड मोजण्याची पट्टी आहे काय, आहार रोज शिजतो काय, हे तपासावे आणि त्याचा हिशेब जनतेपुढे मांडून शासनाला जाब विचारावा. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहण्याइतका अवधी उपाशी मुलापाशी नसतो.