डायलिसिसचा पहिला महिना

डायलिसिस सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की घरात एक वाक्य कुजबुजीत सुरू होतं. "मशीनवर जायच्या आधी अब्बा चालत-फिरत होते, मशीननंच खाल्लं त्यांना." मग कोणीतरी एखाद्या जडीबुटीवाल्याचा नंबर देतं. आठवड्यातली एक फेरी चुकते, पुढच्या आठवड्यात दोन. फुफ्फुसात पाणी भरतं किंवा रक्तातलं पोटॅशियम चढून हृदयाची लय बिघडते, आणि मयतीला जमलेली माणसं पुन्हा तेच म्हणतात, मशीननं खाल्लं.

या गैरसमजाचं मूळ खऱ्या त्रासात आहे, त्यामुळे त्याला हसून उडवू नका. डायलिसिसच्या सुरुवातीला माणसाला खरोखर त्रास होतो. तो का होतो आणि त्यातला किती आवरता येतो, हे घरच्यांना सहसा कोणी नीट बसवून सांगत नाही. घरात पेशंटच्या शेजारी बसणारा, रिपोर्ट वाचणारा, फोनवर शोधणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच वयाचा असतो, म्हणून हे तुमच्यासाठी लिहितो आहे.

पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर डोकं ठणकणं आणि उलटी होणं यापासून सुरुवात करू. किडनी निकामी होत असताना रक्तात युरिया महिनोन्‌महिने साचत जातो. मशीन तो रक्तातून भराभर काढतं, पण मेंदूतून तो तेवढ्या वेगानं निघत नाही. या फरकामुळे पाणी मेंदूकडे ओढलं जातं. म्हणून पहिल्या फेऱ्या मुद्दाम छोट्या, साधारण दोन तासांच्या आणि सावकाश ठेवतात, मग वेळ वाढवत चार तासांवर नेतात. "आम्हाला दोनच तास दिले, बाकीच्यांना चार" अशी तक्रार वॉर्डात ऐकू येते. त्या दोन तासांत तुमच्या माणसाचीच काळजी घेतलेली असते.

दुसरा त्रास सगळ्यात जास्त दिसतो. मध्येच बीपी पडतं, घाम फुटतो, जांभया येतात, पोटऱ्यांत गोळे येतात. याचं गणित सोपं आहे. दोन फेऱ्यांच्या मधे अंगात साचलेलं पाणी मशीन रक्तातून काढतं आणि ती जागा भरायला सूज आलेल्या भागांतलं पाणी हळूहळू रक्तात येतं. काढण्याचा वेग भरण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की बीपी कोसळतं. दर किलो वजनामागे तासाला १३ मिलीलीटरच्या वर जाऊ नये, असा एक प्रचलित दंडक आहे. ६० किलोच्या माणसाला हे तासाला ७८० मिली, म्हणजे चार तासांत जेमतेम तीन लीटर झालं. आता तो माणूस साडेचार किलो वाढवून आला तर काय होणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. गोळे मशीननं आणले हे खरं, पण त्यांची तयारी दोन दिवस आधी लोणचं, पापड आणि ठेच्यानं केलेली असते.

म्हणूनच पाण्यावर पहारा ठेवण्याआधी मिठावर ठेवा. एप्रिल-मेमध्ये धाराशिवच्या उन्हात "पानी बी पीने नै देते" म्हणून रडवेला झालेला म्हातारा माणूस खोटं बोलत नसतो. मीठ खाल्लं की तहान लागणारच. साधारण हिशोब असा की दिवसभरात जेवढी लघवी होते त्यात अर्धा लीटर मिळवायचा, तेवढंच पाणी. चहा, सालन, दूध, बर्फ सगळं त्यात धरायचं. छोटा कप, चूळ भरून टाकणं, बर्फाचा एखादा खडा तोंडात धरणं यांचा उपयोग होतो. शुगर असेल तर ती ताब्यात ठेवणं हाही तहानेवरचाच इलाज आहे. उलट, किडनी गेल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे जुन्याच डोसवर शुगर एकदम खाली येऊ शकते. डोस डॉक्टरांकडून नव्यानं ठरवून घ्या. बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी सकाळी घ्यायची की नंतर, हेही त्यांनाच विचारा, स्वतः बंद करू नका.

खाण्याबद्दल आपल्या घरांत वेगळी अडचण आहे. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून आपण जे प्रेमानं पुढे करतो, नारळपाणी, खजूर, केळी, सुका मेवा, त्या सगळ्यात पोटॅशियम भरपूर. मामूंना भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी घेऊन यायचा. शेवटी मुमानीनं दारातच सांगायला सुरुवात केली की अंडी आणा. ते बरोबरच होतं, कारण डायलिसिसवर आल्यानंतर प्रथिनं आधीपेक्षा जास्त लागतात. किडनीसाठी प्रथिनं कमी करा हा जुना सल्ला घरात तसाच चालू राहतो आणि माणूस वाळत जातो. ईदचा शीरखुर्मा दोन चमचे चाखू द्यावा की नाही, हे रिपोर्ट पाहून डॉक्टरांना विचारा. कमरख मात्र अजिबात नको, किडनीच्या पेशंटच्या मेंदूवर त्याचा विषारी परिणाम होतो. "लो सोडियम" लिहिलेल्या मिठाच्या बऱ्याच पाकिटांत पोटॅशियम असतं, तेही नको.

रमजानचा विषयही बोलायला हवा, कारण याच महिन्यात घरातली वडीलधारी माणसं हट्टाला पेटतात. आजाऱ्याला रोज्याची सवलत कुरआननंच दिली आहे, सूरह बकराहमध्ये. ती मुलानं सांगितली तर अब्बा ऐकत नाहीत, मोहल्ल्यातल्या आलिमांनी सांगितली तर ऐकतात. त्यांना रमजानच्या आधीच घरी बोलवा. मानेतल्या कॅथेटरची पट्टी ओली होऊ न देता वुजू कसा करायचा, तेही त्यांनाच विचारून घ्या.

त्या कॅथेटरला जपायलाच हवं. आपल्याकडे बहुतेकांचं डायलिसिस अचानक, धाप लागल्यावर सुरू होतं, म्हणून मानेत नळी घालावी लागते. फिस्टुला म्हणजे हातातली जोडलेली नस तयार व्हायला सहा आठवडे किंवा जास्त लागतात. तोवर थंडी वाजून ताप आला, नळीजवळ पू दिसला, तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका. फिस्टुला झाला की त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, आणि रोज बोट ठेवून आतली थरथर तपासायची. ती थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता मागणीकडे. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. मशीनचे पैसे यातून वाचतात, पण पेशंट थकतो तो येण्या-जाण्यात. परंड्याचा माणूस बार्शीला, कळंबचा लातूर-अंबाजोगाईला, उमरगा-नळदुर्गचा सोलापूरला, हा आठवड्यातून दोन-तीनदा प्रवास, सोबत एकाची बुडालेली मजुरी. चार तास मशीनवर राहून बीपी पडलेल्या माणसाला मोटारसायकलवर मागे बसवून घरी आणणं धोक्याचं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी तसंच आणलं जातं. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे, तिची कागदपत्रं आगारातून करून घ्या. पण गाडीची सोय मोहल्ल्यालाच करावी लागेल. इज्तिमाला दहा गाड्या निघतात, डायलिसिसला आठवड्यातून एक निघायला हरकत नसावी.

२०१८ पासून हा जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि २०२२ पासून इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा एवढं तरी मागता येतं: प्रत्येक डायलिसिस केंद्रात पहिल्या फेरीच्या आधी घरच्यांना अर्धा तास समजावून सांगणारा माणूस, मराठी आणि उर्दूत छापलेला एक कागद, आणि किडनीतज्ज्ञ कोणत्या वारी येणार हे भिंतीवर लिहिलेलं. यासाठी नवी इमारत लागत नाही. हे निवेदन तालुक्यातालुक्यातून गेलं पाहिजे, आणि त्यावर सगळ्या समाजाच्या सह्या हव्यात, कारण शेजारच्या खाटेवर कोण आहे हे त्या वॉर्डात रोज दिसतं.

तोवर घरातल्या एकानं वही घालावी. मोबाइलची शीट नको, वही बरी, नर्सच्या हातात देता येते. रकाने पाच: तारीख, डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, काय त्रास झाला आणि कितव्या तासाला. सहा-सात फेऱ्यांनंतर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, "यांचं कोरडं वजन बरोबर ठरलंय का?" अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं ते कोरडं वजन. सुरुवातीला ते अंदाजानंच ठरतं. एक किलो इकडचं तिकडं झालं की कुणाला रोज गोळे येतात, कुणाला रात्री आडवं झालं की धाप लागते. तो आकडा सुधारायला डॉक्टरांना तुमच्या वहीतले आकडे लागतात.